कूळ आणि थळ

आषाढात आमच्या तात्यांचे एक जाडजूड बाड माझ्या घरी येऊन पडले. तात्या माझे थोरले चुलतभाऊ. सारा जन्म साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात काढून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर माणसाला जे छंद जडतात त्यांतला सर्वांत निरुपद्रवी छंद त्यांना जडला. त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला. बाडाबरोबर चिठ्ठी होती : “तू कादंबऱ्या लिहितोस, शिवाय मास्तर आहेस. दिवाळीपर्यंत प्रस्तावना लिहून दे. चांगली लिही. उगाच चुका काढीत बसू नकोस.”

ही शेवटची सूचना त्यांनी केली नसती, तर कदाचित मी चुका काढल्याही नसत्या.

मी संशोधक नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मोडी मी वडिलांच्या एका स्नेह्यांकडून शिकलो, तीही अडखळत वाचतो. परंतु कुलवृत्तांत हा वाङ्मयाचाच एक प्रकार आहे अशी माझी समजूत आहे, आणि वाङ्मयाविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क वाचणाऱ्या प्रत्येकाला असतो. तेव्हा तात्यांच्या बाडाच्या निमित्ताने ह्या प्रकाराविषयीच थोडे बोलावे म्हणतो. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे पुस्तक असेलच. नसल्यास एखादे तात्या ते लिहीत असतील.

गेल्या शतकात मराठीत कुलवृत्तांतांचे पीक मोठे आले. कोकणातल्या घराण्यांनी त्यात पुढाकार घेतला. गावोगाव पत्रे पाठवून, देवस्थानांच्या आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या उलगडून, शेकडो माणसांची माहिती त्यांनी गोळा केली. ह्या खटाटोपाला मी मनापासून नमस्कार करतो. पण ह्या ग्रंथांचा एक साचा ठरून गेला आहे. आरंभी गोत्र आणि कुलस्वामी, मग मूळपुरुष, मग घडी उलगडून पाहावयाचा वंशवृक्ष, आणि पुढे माणसामागून माणूस : जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या, निवृत्ती. वाचता वाचता वाटू लागते की हे सारे लोक कचेरीतच जन्मले असावेत. देशावरच्या घराण्यांनी हाच साचा घेतला व मूळपुरुषाच्या जागी रजपूत बसवला. आमचे पूर्वज तात्यांच्या पहिल्या परिच्छेदात उदेपूरहून निघतात, दुसऱ्यात देवगिरीस मुक्काम करतात आणि तिसऱ्यात सुप्याजवळच्या आमच्या गावी पोचतात. एवढ्या वेगाने आज एस. टी.सुद्धा जात नाही.

बरे, पोचले ते कोठे? तात्या लिहितात, “मूळ गाव अमुक, तालुका बारामती, जिल्हा पुणे.” बस. तीनशे वर्षांचा पत्ता एका ओळीत, आणि तोही आजच्या टपालाचा. पुढे तळटीप आहे की लेखकाने जुन्या कागदांसाठी खूप शोध केला, पण ‘बारामती तालुक्याचे’ एकोणिसाव्या शतकातले कागद मिळाले नाहीत. ते कसे मिळावेत? त्या काळी बारामती नावाचा तालुकाच नव्हता. तालुका होता भीमथडी, आणि बारामती हे त्याचे ठाणे. १८८५ साली निघालेल्या पुण्याच्या गॅझेटियरात भीमथडीच आहे. आजचा दौंड तालुका हा तेव्हा ह्याच भीमथडीचा पेटा होता. भीमथडी हे नाव तालुक्यावरून उतरले आणि तट्टांच्या एका जातीपुरते लोकांच्या तोंडी राहिले. म्हणजे तात्या ज्या दारावर थाप मारीत होते ते दार बरोबर होते, पण हाक भलत्याच नावाने घालीत होते.

तात्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत शहाजीराजांचा एक स्वार “मी बारामती तालुक्यातला” असे छातीठोकपणे सांगतो. एका वाचकाने मला पत्र पाठवून विचारले होते की ह्या स्वाराजवळ रेशनकार्डही होते काय? त्या पत्राने माझे डोळे उघडले. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही नावे वर्गात पोरांकडून मी वर्षानुवर्षे घोकून घेत होतो, पण सुपे हा परगणा होता, त्या स्वाराने आपला पत्ता “मौजे अमुक, परगणे सुपे” असाच सांगितला असता, हे लिहिताना माझ्या ध्यानात आले नाही.

जुन्या कागदाची पहिली ओळ हाच खरा पत्ता असतो. बाजार नसलेले साधे गाव ते मौजे, बाजारपेठेचे व बहुधा परगण्याचे ठिकाण ते कसबे, मूळ गावापासून फुटलेली वस्ती ती मजरे. मौज्यावर तर्फ किंवा कर्यात, तिच्यावर परगणा, आणि वर प्रांत किंवा सुभा. हे शब्द इतिहासाच्या पुस्तकात शोभेला ठेवलेले नाहीत, आपल्या पाट्यांवर ते अजून बसलेले आहेत. बारामती तालुक्यात दोन उंडवड्या आहेत. एक उंडवडी सुपे, दुसरी उंडवडी कडेपठार. तालुका एक झाला, जिल्हा एक झाला, पण दोन्ही उंडवड्यांनी आपापला जुना विभाग शेपटासारखा सांभाळला आहे. माळेगाव बुद्रुक आणि माळेगाव खुर्द ह्यांतला बुद्रुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग, थोरला, आणि खुर्द म्हणजे धाकटा. घराण्याचा शोध घेणारा माणूस नुसते ‘माळेगाव’ लिहून मोकळा होतो आणि मग धाकट्याच्या घरचे पूर्वज थोरल्याच्या घरी शोधीत बसतो.

ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून शाळाशाळांतल्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरांना पाय फुटले आहेत. आमच्या शाळेतही माणसे येतात. पणजोबांचे नाव त्यांना ठाऊक असते. गाव विचारले की आजच्या नकाशावरचे सांगतात. वाडीचे स्वतंत्र गाव केव्हा झाले, त्याआधी ती कोणत्या मौज्यात मोजली जात होती, हे विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मुलाच्या प्रवेशाची तारीख जवळ आलेली असते आणि पणजोबा शेजारच्या गावच्या बांधणीत स्वस्थ पडून असतात.

आडनावावरून गाव ओळखता येते, असे पुष्कळांना वाटते. येते, पण फसगतही फार होते. बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई ज्या घरात दिली ते नाईक मूळचे कोकणातले जोशी. सावकारीने व सत्तेने मोठे झाले आणि ‘बारामतीकर’ म्हणून गाजले. त्यांच्याच आश्रयाला मोरोपंत आले. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ मधला. सारी काव्यरचना कऱ्हेकाठी केली, १७९४ साली बारामतीतच देह ठेवला, तरी ते शेवटपर्यंत पराडकरच राहिले. ज्याने गावाला नाव दिले त्याला गावाने आपले नाव दिले नाही. आणि निंबळकावरून झालेले निंबाळकर पाहा. गावावरून आडनाव झाले आणि मग ते आडनावच बारामतीजवळच्या वडगावाला चिकटून वडगाव निंबाळकर झाले. गाव माणसाला नाव देते, माणूस दुसऱ्या गावाला देतो. ह्या ये-जा करणाऱ्या नावांतून वंशवृक्ष सरळ वर कसा काढणार?

पण माझा मुख्य आक्षेप ह्याहून वेगळा आहे. मराठीत ‘कूळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कूळ म्हणजे घराणे, दुसरे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कुळकायद्यातले कूळ ते हेच. आमचे सारे कुलवृत्तांत पहिल्या कुळाचे असतात, दुसऱ्याचे नाव काढीत नाहीत. जमीनच नसल्यामुळे त्यांतले वंशवृक्ष अधांतरी लोंबतात. मुळे वर आणि पारंब्या नोकरीत!

त्या जमिनीचा हिशेब जुन्या गावात फार चांगला ठेवलेला असे. पुण्याकडच्या गावांची काळी, म्हणजे शेतजमीन, थळांत वाटलेली होती. मूळ वसाहत करणाऱ्या एकेका घराण्याचा एकेक पट्टा ते त्याचे थळ. ज्याचे थळ तो थळकरी किंवा मिरासदार. बाहेरून येऊन जमीन करणारा तो उपरी. आणि घराणे बुडाले, परागंदा झाले, तर त्याचे थळ गतकूळ म्हणून लिहिले जाई. आता गंमत पाहा. कूळ गेले तरी थळाचे नाव बदलत नसे. घराण्यातले दिवा लावायला कोणी उरले नाही तरी वावर त्यांचे आडनाव सांगत राही. ह्या सर्वांची यादी म्हणजे थळझाडा. १८२० च्या सुमारास थॉमस कोट्स ह्या डॉक्टराने लोणी गावाचे जे वर्णन लिहिले त्यात आणि पुढे कर्नल साईक्सने दख्खनच्या जमीनधाऱ्यावर जे लिहिले त्यात ह्या व्यवस्थेचे तपशील आहेत. मला विचाराल तर थळझाडा हाच मराठीतला पहिला कुलवृत्तांत, आणि सचोटीत आजच्यापेक्षा सरस. त्यात उदेपूर नाही, आणि बुडालेल्यांचीही नावे आहेत.

१९१५ साली निघालेला त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गावगाडा’ मी दरवर्षी एकदा वाचतो. गावाच्या रचनेविषयी मराठीत इतके नेमके पुस्तक दुसरे नाही. पण आत्र्यांची नजर कचेरीची आहे. बलुतेदार आणि फिरस्ते त्यांना बहुधा गावाच्या मानेवरचे ओझे दिसतात. ह्या लोकांचेही घराणे असते, हे त्या पुस्तकात फारसे जाणवत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे पणजोबा महारकीचे वतन करीत. घरात कागदाचा चिठोराही नाही. पण गावच्या एका पट्टीला आजही हाडवळा म्हणतात, आणि हाडकी-हाडवळा म्हणजे महारांची इनाम जमीन हे गावात कोणालाही विचारावे. १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली, नाव संपले नाही. त्या मुलाच्या कुलवृत्तांताचे पहिले पान ते शेत आहे.

मग ही नावे कागदातून गेली कोठे? ह्याचे उत्तर आमच्या शेजारच्या इंदापुरात आहे. इंग्रजी राज्यात प्रिंगलसाहेबाने मोजणी करून १८३० मध्ये इंदापुरास नवा आकार बसवला. तो इतका जड गेला, आणि मोजणीत इतके घोटाळे निघाले, की माणसे जमिनी टाकून शेजारच्या मुलखात गेली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे चौकशीला आले. पुढच्या वर्षी त्यांनी दर उतरवून ते तीस वर्षांसाठी कायम केले. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. रयतेला श्वास घेता आला, हे मान्य केलेच पाहिजे. पण ह्याच मोजणीने शेताला नंबर दिला. सरकारला थळाशी कर्तव्य उरले नाही, सर्व्हे नंबर आणि त्याचा खातेदार एवढे पुरे झाले. पुढे १९४७ च्या तुकडेजोड कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले. थळाचा नंबर झाला, नंबराचा गट झाला, आणि सातबाऱ्यावर आडनाव शोधणारा नातू गटात अडकला.

ह्याच काळात आयर्लंडातही इंग्रजांची मोजणी चालली होती, हे मला अलीकडे कळले आणि फार नवल वाटले. तेथेही आमच्यासारखीच उतरंड : प्रांत, काउंटी, बॅरनी, पॅरिश, आणि तळाशी टाउनलँड. हे टाउनलँड म्हणजे गाव नव्हे. थोडी शेते, थोडा माळ, कधी चार घरे, कधी एकही नाही, असा जमिनीचा नावाचा तुकडा. सगळ्या आयर्लंडात असे साठ हजारांवर आहेत. मला तर ते ऐकून आपले थळच आठवले. मोजणीखात्याने जॉन ओडोनोव्हन नावाच्या पंडिताला नेमले. तो खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्यांकडून नावांचे मूळ उच्चार व अर्थ विचारी आणि पत्रांतून कळवी. नकाशावर ती नावे इंग्रजी वळणाने आली. त्याचे दुःख आयरिश माणूस अजून करतो, ब्रायन फ्रील ह्या नाटककाराने १९८० साली त्यावर नाटकही लिहिले. तरी पण नाव राहिले! १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो माणसे देश सोडून अमेरिकेस गेली. १९२२ च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला. एवढे होऊनही पणजोबांच्या टाउनलँडचे नाव हाती असले तर आजचा पणतू नेमक्या शेतात जाऊन उभा राहू शकतो. आमच्याकडे उलटे झाले. पुण्याच्या दप्तरखान्यात पेशवाईचे रुमालच्या रुमाल शाबूत आहेत, आणि शेताचे नाव मात्र फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात. ते रुमाल सोडायला इंदापूर परगण्यासाठी मिचिहिरो ओगावा ह्यांच्यासारखा अभ्यासक जपानातून आला. इंदापूरकरांनी त्यांना निदान एकदा हुरडा खायला बोलवावे.

कागद आमच्याकडे जळालेच नाहीत असे मात्र नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि वह्या व खते जाळली. दख्खनच्या दंग्याची ती सुरुवात. त्या गर्दीत आमच्या गावचे लोक असतील काय? मला तरी असावेसे वाटतात. तात्यांच्या बाडात १८७५ साल नाही. आमच्या पूर्वजांनी त्या वर्षी, वंशवृक्षाप्रमाणे, केवळ दोन मुलगे जन्मास घातले.

आणि मुली? त्यांची तर कथाच निराळी. बाडात माझ्या आईची नोंद एक ओळीची आहे : सासरचे नाव, आणि माहेरच्या गावापुढे एक आडवी रेघ. माझ्या आईचे माहेर भीमेच्या काठी, इंदापूर तालुक्यात, पळसदेवाकडचे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि ती सगळी मळई पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे जुने देऊळ वर येते. त्या वेळी लोक ते पाहायला जातात, मीही गेलो होतो. माझे वृद्ध मामा काठावर उभे राहून हाताने दाखवीत होते, “हिकडं चिंचंचं वावर. त्येच्या खाली शेरी. तिथनं वगळ, आन् वगळीच्या पल्याड तुझ्या आजीचा वांग्याचा मळा.” जिकडे बोट करीत तिकडे नुसते पाणी होते. मी खिशातल्या तिकिटाच्या मागे ती नावे लिहून घेतली. तात्यांनी रेघ मारली ती एका अर्थी बरोबरच आहे, तेथे आता पाण्याची रेघच आहे. पण ती नावे त्या रेघेवर लिहिता आली असती.

आता तात्यांच्या बाडातल्या सर्वांत महत्त्वाच्या वस्तूकडे येतो. आरंभीच एका जुन्या मोडी कागदाचे छायाचित्र आहे, भोवती वेलबुट्टीची चौकट, आणि खाली शब्द : “आमच्या घराण्यास मिळालेली सनद.” मूळ कागद आजोबांच्या ट्रंकेतला. तात्यांना मोडी येत नाही. मी भिंग घेऊन तीन रात्री बसलो. ती सनद नव्हे. तो शके १७२८ चा, म्हणजे इसवी सन १८०६ च्या सुमाराचा, इस्ताव्याचा कौल आहे. होळकरांची धामधूम आणि त्यामागोमाग १८०३ चा दुष्काळ ह्यांनी मुलूख ओसाड झाल्यावर पडीक जमीन लावणीस आणण्यासाठी असे कौल देत : पहिल्या साली नाममात्र सारा, मग दरसाल चढता, आणि काही सालांनी पुरा आकार. आमचा पूर्वज त्यात ‘उपरी’ म्हणून लिहिला आहे. आणि जमीन? ती गतकुळी. तिच्यामागे जे आडनाव आहे ते आमचे नव्हे. आज गावात त्या आडनावाचे एकही घर नाही.

मी गावी गेलो. जमीन करणाऱ्या म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, ह्या पट्टीला काय म्हणता?” त्यांनी क्षणाचाही विचार न करता तेच आडनाव घेतले आणि पुढे ‘थळ’ जोडले. म्हणाले, “गुर्जी, आमचा आजा बी ह्येच म्हनायचा. कोन हुते ते ठावं न्हाई.”

दोनशे वर्षांहून अधिक काळ आमच्या घराण्याने त्या वावरातले खाल्ले. कोण होते ते, हे आम्हांलाही ठाऊक नाही. उदेपूरचा मूळपुरुष ठाऊक आहे.

परतल्यावर मी तात्यांकडे गेलो व हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. वहिनींनी चहा आणला तो निवून गेला. मग म्हणाले, “म्हणजे आपण उपरे?”

“तात्या, दोनशे वर्षांपूर्वी होतो.”

“आणि हे छापायचं? पुस्तक मुलाच्या लग्नात वाटायचं आहे. व्याह्यांकडचे काय म्हणतील?”

मी म्हटले, व्याह्यांच्या गावचाही थळझाडा निघेल. त्यावर ते हसले नाहीत. मी प्रस्तावना लिहिली ती अशी : कौलाचे संपूर्ण वाचन, गावाचा जुना पत्ता परगण्यासकट, त्या बुडालेल्या घराण्याचे आडनाव, गावातल्या शेतांची मला मिळालेली सगळी नावे, आणि आईच्या माहेरची तिकिटामागे लिहिलेली. वंशवृक्षाला हात लावला नाही.

परवा वसुबारसेला त्यांची चिठ्ठी आली. “तुझी प्रस्तावना वाचली. चौकटीखालचे ‘सनद’ काढून ‘कौल’ केले आहे. थळाचे नाव राहू दे, काकूंच्या माहेरची शेतेही राहू देत, तुझ्या वहिनीनेही तिच्या गावची सात नावे सांगितली आहेत, ती जोडतो. ‘तालुका बारामती’च्या आधी कंसात भीमथडी घातले. उदेपूर मात्र ठेवतो. फराळाला ये.”